माधव ज्यूलियन : कवी आणि छंदःशास्त्रज्ञ

रविकिरण मंडळ या कविमंडळाचा विषय निघाला की यशवंत, गिरीश आणि माधव ज्यूलियन ही नावे एका दमात उच्चारण्याचा जो रिवाज आपल्या समीक्षेत पडला आहे, त्यामुळे 'माधव ज्यूलियन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या माधव त्र्यंबक पटवर्धनांची निम्मी मिळकत बेदखल राहते, असे माझे मत आहे. कारण १९२६ साली 'विरहतरंग' हे प्रणयप्रधान खंडकाव्य लिहिणारा कवी आणि आदल्याच वर्षी 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध करणारा पंडित यांना परस्परांपासून वेगळे काढताच येत नाही.

१८९४ साली बडोद्यास जन्मलेले पटवर्धन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्शी शिकवीत, आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. शिवकालीन व पेशवेकालीन दप्तरांतील सनदा, महजर आणि तहनामे वाचणाऱ्यास ज्या भाषेवाचून पाऊल उचलता येत नाही, तीच भाषा त्यांना फार्शी कवी उमर खय्यामकडेही घेऊन गेली. १९२९ साली त्यांनी मूळ फार्शीवरून त्याच्या रुबाया मराठीत आणल्या. १९३१ च्या 'द्राक्षकन्ये'त फिट्झजेरल्डच्या इंग्रजी खय्यामला मराठी रूप दिले. आणि तरीही समाधान न झाल्याने 'मधुलहरी' रचली, जी त्यांच्या निधनानंतर, १९४० साली, प्रसिद्ध झाली.

परंतु त्यांचे खरे चिरस्थायी कार्य 'छंदोरचना'. १९२७ साली प्रथम निघालेला आणि दहा वर्षांनी आमूलाग्र वाढवलेला हा ग्रंथ, ज्याबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांस १९३८ साली डी. लिट. दिली, संस्कृत गणवृत्ते, मात्रांवर चालणाऱ्या जाती आणि ओवी-अभंगांचे अक्षरछंद यांची शिस्तवार मांडणी करतो. एवढेच नव्हे, तर फार्शी गझलेची वृत्तेही लघु-गुरूंच्या मोजणीत बसवितो. 'गालगागा' चार वेळा आले की व्योमगंगा, 'लगागागा' चार वेळा आले की वियद्गंगा, हा हिशेब आज गझल लिहू पाहणारा नवशिका सहज करतो, पण तो कोणी घालून दिला याची चौकशी क्वचितच करतो. 'गज्जलांजली'तील (१९३३) कित्येक रचना मला प्रयोगशाळेतल्या वाटतात, हे खरे. मात्र त्या प्रयोगांवाचून पुढे गझलकार सुरेश भटांना इतकी मळलेली वाट लाभली नसती.

 

१९३६ च्या जळगाव साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष असलेले पटवर्धन उत्तरकाळी भाषाशुद्धीचे कट्टर कैवारी झाले आणि १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. फार्शीचा कोशकार फार्शी शब्दांवर जप्ती आणतो, हा विरोधाभास अनेकांना हास्यास्पद वाटला. मला तो तसा वाटत नाही. शब्दाचे कूळ ठाऊक असल्याखेरीज त्यास परका ठरविता येत नाही, आणि हा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास होता? त्यांचा निवाडा मात्र मला मान्य नाही. प्रस्तुत लेखातले 'रिवाज', 'बेदखल', 'दप्तर' हे शब्द त्यांनी निश्चित खोडले असते, आणि मी ते पुन्हा लिहिले असते.