घरच्यांसोबत पाहावेत असे तीन सिनेमे

“जुने चांगले सिनेमे सांगा, पण अब्बांसमोर रिमोट शोधायची पाळी नको,” असं पुष्कळ जण म्हणतात. रास्त आहे.

सोलापूरकरांनी सुरुवात गावापासून करावी. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६). सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली तिथेच वारले. वय अवघं ३२. त्यांची कहाणी लिहिली ख्वाजा अहमद अब्बास यांनी, भूमिका केली व्ही. शांताराम यांनी.

मग ‘गर्म हवा’ (१९७४). मूळ कथा इस्मत चुगताईंची. आग्र्याचे सलीम मिर्झा यांचा बुटांचा धंदा फाळणीनंतर बसतो, पिढीजात हवेली सोडावी लागते, आणि म्हातारी अम्मी निघायच्या वेळी हवेलीतच लपून बसते. सोलापूरच्या पलीकडेच निजामाची हद्द होती. ज्या घरांत १९४८च्या पोलीस ॲक्शनच्या आठवणी आजही दबक्या आवाजात निघतात, त्यांना हा प्रसंग जड जाईल. तरी पाहा, आणि मग दादी-नानीला बोलतं करा. त्या आहेत तोवरच हे जमेल.

मुलांसाठी इराणचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७). बहिणीचे बूट हरवतात. अब्बांकडे पैसे नाहीत म्हणून भाऊ-बहीण गुपचूप एकाच जोडावर शाळा करतात. फारसी येत नसली तरी अडत नाही. कितीतरी शब्द आपल्या दखनीत आहेतच.