कावळा बसला, फांदी मोडली

जानेवारी 2011. शेजारी मिशेल ओबामा उभ्या, आणि वॉलमार्टने शब्द दिला: 2015पर्यंत पाकीटबंद खाण्यातलं सोडियम पाव हिश्श्याने कमी करू, वरून घातलेली साखर दहा टक्क्यांनी. अमेरिकेतला सर्वांत मोठा किराणेवाला बोलला म्हणजे पुरवठादारांना ऐकावंच लागणार.

पण हे तपासायचं कसं? अमेरिकेत हजारो कुटुंबं बाजारातून आली की पिशव्या ओट्यावर रिकाम्या करतात आणि प्रत्येक पाकिटाचा बारकोड छोट्या यंत्राने टिपून ठेवतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2000 ते 2013 या काळातल्या अशा नोंदी चाळल्या. वॉलमार्टमधून घरी येणारं पाकीटबंद खाणं खरंच सुधारलं होतं! मग त्यांनी कागदावर एक न उगवलेलं 2013 साल मांडलं: शब्द दिलाच नसता तर? 2011च्या आधीचा उतार तसाच पुढे ओढला, तर तो जवळपास तिथेच पोचला. फांदी आधीपासूनच मोडत आली होती; कावळा तेवढा नेमका येऊन बसला.

तेव्हा या घोषणा नुसत्या मिरवायच्या, असं मीही म्हणून मोकळा झालो असतो. ब्रिटनमधल्या गल्ल्याने मला अडवलं.

गल्ल्यापाशी रांगेत यादी संपलेली असते, हात रिकामे असतात आणि चॉकलेट बरोबर पोराच्या डोळ्यांसमोर. (आपला दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून दोन गोळ्या टेकवतो, तीही जागा हीच.) 2013 ते 2017 दरम्यान ब्रिटनमधल्या 9 मोठ्या दुकानसाखळ्यांपैकी 6 साखळ्यांनी ही जागा आपणहून आवरली. उरलेल्या तिघी आयत्याच तुलनेला मिळाल्या. 30,000हून जास्त कुटुंबांच्या खरेदीत चॉकलेट, गोळ्या, वेफर्स यांची त्या सहा साखळ्यांतून घरी येणारी छोटी पाकिटं लगेच 17 टक्क्यांनी घटली. वर्षभरानंतरही घट 15 टक्क्यांच्या आसपास टिकून होती. माल तोच, भाव तोच, दुकानही तेच. चॉकलेट फक्त चार पावलं आत सरकलं होतं! लोकांना ते हवंच असतं, तर चार पावलं कोण मोजतं?

ऑक्टोबर 2022पासून इंग्लंडमधल्या मोठ्या दुकानांना गल्ल्यापाशी, दाराशी आणि मांडण्यांच्या टोकांना असा माल ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. शब्द न देणाऱ्यांनाही.