कार्यक्रमांच्या वेळा विकण्याचा धंदा का बसला?

एखादी वस्तू दुर्मिळ असली की तिच्याविषयीची माहितीही विकली जाते. टीव्हीच्या कार्यक्रमांच्या वेळा छापणारी नियतकालिके याच तत्त्वावर चालली आणि दुर्मिळता संपताच बसली. मीरा-भाईंदरमधील केबलचालक व दुकानदार बांधवांनी हा हिशेब समजून घेणे हिताचे आहे.

रेडिओच्या वेळा जाहिरातीचे दर घेऊनच छापू, असे ब्रिटिश वृत्तपत्रांनी बजावले, तेव्हा बीबीसीने १९२३ साली 'रेडिओ टाइम्स' हे स्वतःचे साप्ताहिक काढले. आपल्याकडे सरकारी रेडिओने (पुढच्या ऑल इंडिया रेडिओने) १९३५ साली 'द इंडियन लिसनर' सुरू केले. उर्दू श्रोत्यांसाठी 'आवाज' होते. मुंबई दूरदर्शन १९७२ साली आले. वाहिनी एक आणि वेळ ठरलेली. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा रस्ते ओस पडत. गिऱ्हाईक केव्हा येणार नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असे.

१९९२ साली झी टीव्ही आला. पुढे वाहिन्या इतक्या वाढल्या की आठवड्याचे वेळापत्रक कागदावर मावेना. २०१२ साली मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि रिमोटचे बटण दाबताच वेळापत्रक पडद्यावर फुकट दिसू लागले. २०१६ साली जिओ आल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला. आधी छापील वेळापत्रकाची गरज संपली, मग ठरलेल्या वेळेचीच. अमेरिकेतील 'टीव्ही गाइड'चा खप एकेकाळी दोन कोटींच्या घरात होता. २००८ साली ते अवघ्या एका डॉलरला विकले गेले. त्याचा एक अंकही त्याहून महाग होता!

विरार लोकलने उशिरा घरी पोहोचणाऱ्या चाकरमान्याची मालिका पूर्वी चुकत असे. आता तो ती गाडीतच मोबाइलवर पाहतो. ग्राहकाची सोय झाली, पण केबलचालकाचे दरमहाचे गिऱ्हाईक गळू लागले. रात्री आठ ते नऊची वेळ दाखवून मिळणारी स्थानिक जाहिरातही त्याबरोबर जाते. म्हणून केबलवर पट्टी देण्यापूर्वी दुकानदाराने आज चालू जोडण्या किती, हे विचारून घ्यावे. केबलचालकाने त्याच घरांना इंटरनेट जोडणी देण्याचा विचार करावा. त्याचे खरे भांडवल घरोघरचा संबंध हे आहे.

मग वेळापत्रकाला किंमतच उरली नाही काय? तसे नाही. क्रिकेटचा सामना अजूनही त्याच वेळी पाहण्यात गोडी आहे. रमजानमध्ये दुकानाचे नाव छापलेले सहर-इफ्तारचे वेळापत्रक आजही घराच्या भिंतीवर महिनाभर राहते, कारण इफ्तारची वेळ कोणी आपल्या सवडीने पुढेमागे करू शकत नाही. जाहिरातीचा पैसा अशा न बदलणाऱ्या वेळांवर लावावा. ज्या वेळा ग्राहकाच्या मर्जीवर गेल्या आहेत, त्यांच्यावर तो लावताना दहादा विचार करावा.