मुळांवरील गांठी आणि डाळिंबाच्या कलमांची खरेदी

शेतकरी बंधूंस ज्या शत्रूंची ओळख असते ते बहुतेक डोळ्यांस दिसणारे असतात. अळी पानावर दिसते, करपा दिसतो, रानडुकरांचा उपद्रव तर सकाळीं उठल्याबरोबर दिसतो. परंतु जमिनींत राहून मुळांवर निर्वाह करणारा सूत्रकृमि दिसत नाहीं, आणि त्यामुळें त्यानें केलेलें नुकसान दुसऱ्याच कोणाच्या नांवावर मांडलें जातें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. तेथील कागदांवर पीक म्हणजे जमिनीवर जें उभें दिसेल तेवढेंच. मुळांसाठीं रकाना कोठेंच नाहीं. पुष्कळ बागाइतदारांची विचार करण्याची रीतहि अशीच आहे.

सांगोलें, पंढरपूर, मालेगांव, सटाणें या तालुक्यांत हलक्या जमिनींवर डाळिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणांत आहेत. गांठी करणारा सूत्रकृमि हलक्या, वाळूमिश्रित व सतत ओल्या राहणाऱ्या जमिनींत विशेष वाढतो. ठिबकाखालचा ओला पट्टा त्यास चांगलाच मानवतो. बागेंत प्रथम कोठें कोठें ठिगळें पडल्यासारखीं दिसतात. तेथील झाडें पिवळट पडतात, पालवी कमी फुटते, दुपारीं पानें मलूल होतात व संध्याकाळीं पुन्हा सांवरतात. पाणी पुरेसें असतां असें झालें तर मुळांविषयीं संशय घेणें योग्य होय.

आमच्या शिवेलगतच्या एका बागाइतदारानें दोन एकरांत डाळिंब लावलें. तिसऱ्या वर्षीं मृग बहार धरला तेव्हां निम्मीं झाडें सुकूं लागलीं. प्रथम पाण्यास दोष देण्यांत आला, मग खतास. औषधांच्या बाटल्या आल्या, कर्जाचा एक हप्ता तटला. शेवटीं एका झाडाच्या बुंध्याजवळ वीतभर माती उकरून बारीक मुळें काढलीं, तों मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गांठींनीं तीं भरलेलीं होतीं. लागवडीच्या वेळीं उरलेलीं चार-पांच कलमें पिशव्यांसह बांधावर तशींच वाढत होतीं. त्यांची पिशवी फाडून मुळें धुतलीं, तर त्यांवरहि त्याच गांठी! बांधावरच्या पिशवींत शेतांतली माती गेलेली नव्हती. रोग पैसे मोजून घरीं आणला गेला होता.

हें कसें घडतें तें समजून घेतलें पाहिजे. अंड्यांतून निघालेलें पिलूं अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान असतें. तें कोंवळ्या मुळाच्या टोंकाजवळून आंत शिरतें व एका जागीं कायमचें बसतें. त्याच्या लाळेमुळें भोंवतालच्या पेशी अवाढव्य फुगतात, व झाडानें वर न्यावयाचें अन्नपाणी तेथेंच अडतें. मादी फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि चिकट आवरणांत दोनशें ते पांचशें अंडीं घालते. उबदार जमिनींत हा फेरा सुमारें एका महिन्यांत पुरा होतो, म्हणजे वर्षांत कित्येक पिढ्या! शिवाय मुळांस झालेल्या जखमांतून मर रोगाच्या बुरशीस वाट मिळते तें निराळेंच. (हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील हितकारक गांठी बोटानें सहज सुटतात, या गांठी मुळाचाच फुगवटा असल्यामुळें सुटत नाहींत. भेद ओळखण्यास हें पुरे.)

हा कृमि नवा नव्हे. १८५५ सालीं इंग्लंडांत बर्कली यांनीं कांचघरांतील काकडीच्या मुळांवर अशा गांठींची नोंद केली. दक्षिण हिंदुस्थानांत १९०१ सालीं बार्बर यांस त्या चहाच्या मुळांवर आढळल्या. दूरवरचा प्रवास मात्र तो आपल्या बळावर करीत नाहीं. पेरूवरील त्याचा एक जहाल भाऊबंद २०१६ सालीं तमिळनाडूंत नोंदला गेला, व रोपांच्या पिशव्यांतून पुढें अन्य राज्यांतहि पोंचला.

म्हणून कलमें घेतांना पानांचा तजेला पाहून भुलूं नये. प्रत्येक ढिगांतून दोन-चार पिशव्या आपल्या हातानें निवडून, फाडून, मुळें बादलींतल्या पाण्यांत हलकेच धुवून पहावीं. विक्रेत्यास हें आवडणार नाहीं. त्या पिशव्यांचे पैसे आपण द्यावे. दोन एकरांच्या खर्चापुढें चार पिशव्यांची किंमत ती काय! गुटी कलमें घरींच करणारांनीं पिशव्यांची माती आधीं ओली करून एप्रिल-मे महिन्यांत चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाखालीं तापवावी. काळा कागद त्या कामीं तितका उपयोगी नाहीं. मातीविषयीं शंका असल्यास ती कुंडींत भरून टोमॅटोचें निरोगी रोप लावावें, व पांच-सहा आठवड्यांनीं उपटून मुळें पहावीं. ही परीक्षा कोणासहि घरीं करतां येते.

एकदां बागेंत शिरलेला कृमि समूळ जात नाहीं. त्याची संख्या मात्र दाबतां येते. आळ्यांत निंबोळी पेंड व चांगलें कुजलेलें शेणखत द्यावें. शेणखतांत पॅसिलोमायसिस ही अंडीं खाणारी बुरशी व ट्रायकोडर्मा मिसळून पंधरा दिवस सावलींत ओलसर ठेवून मग वापरावें. झाडांभोंवतीं झेंडू दाट लावावा, आणि फुलें तोडून लगेच उपटूं नये. त्याचा गुण जिवंत मुळांत आहे. टोमॅटो, वांगीं, भेंडी, काकडी हीं आंतरपिकें डाळिंबांत घेणें म्हणजे कृमीस पाहुणचार करणें होय. दुर्दैवानें नव्या बागेंत चार पैसे सुटावे म्हणून नेमकीं हींच घेतलीं जातात.

औषधांविषयीं थोडेंच लिहितों. फोरेटच्या वापरास २०२० च्या अखेरीपासून देशांत बंदी आहे. कोणी जुना सांठा स्वस्तांत देऊं लागल्यास घेऊं नये. नवीं औषधें निघालीं आहेत, परंतु लेबलावर आपल्या पिकाचें नांव असल्याशिवाय व काढणीपूर्वीं किती दिवस सोडावे हें वाचल्याशिवाय तीं वापरूं नयेत.

तपासणीसाठीं आठ-दहा झाडांच्या आळ्यांतून वीतभर खोलीवरची ओलसर माती व बारीक मुळें घेऊन एकत्र करावीं, आणि पावशेर माती प्लास्टिकच्या पिशवींत बांधून सावलींत ठेवावी. माती वाळूं देऊं नये. वाळली कीं कृमि मरतात व अहवाल फसवा येतो. सोलापूरचें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र अथवा राहुरीचें कृषि विद्यापीठ येथें चौकशी करून नमुना दोन दिवसांच्या आंत पोंचवावा, व सोबत कलमें कोणत्या वर्षीं लावलीं तें लिहून द्यावें.