शनिवारची बाटली आणि तालमीचा घाम

नरसी नामदेव हे कयाधू नदीच्या काठचे गाव. संत नामदेव महाराजांचे जन्मगाव म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आषाढीची वारी करून परतलेले वारकरी परतवारीला इथे येतात. पूर्वी हे गाव परभणी जिल्ह्यात होते. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते हिंगोलीत मोडते.

आपल्या या भागात जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. हलगी कडाडते. म्हातारी माणसे पुढे बसतात, पोरे झाडावर चढतात. आपल्या गावच्या पोराने शड्डू ठोकला की साऱ्या गावाची छाती फुगते. पण ती कुस्ती होते पाच-दहा मिनिटांची. तिच्यामागे वर्षभराचा घाम असतो. तो घाम कसा वाया जातो, हे आज आपण पाहू.

समजा, एका गावात एक तरणा पैलवान आहे. वय वीस-एकवीस. रोज पहाटे पाचला उठतो. जोर काढतो, बैठका मारतो, माती उकरतो, दोघा-तिघांशी लढत धरतो. पाच दिवस दारूला शिवत नाही. पण शनिवार आला, मजुरीचे पैसे हातात पडले, की मित्र जमतात. शनिवारी एक बैठक होते. रविवारी दुसरी. मग सोमवारी तालमीत अशी बोलणी ऐकू येतात:

“काय रे, आज दहा मिनिटांतच दम लागायलाय?”

“काही नाही वस्ताद. रात्री जरा जागरण झालं.”

“जागरण झालं, का बाटली झाली?”

पोरगा खाली बघतो. मग म्हणतो, “वस्ताद, आठवड्यातून दोनच दिस घेतो. पाच दिवस मेहनत करतोच की. दोन दिसांनी काय बिघडतंय?”

पोराचा सवाल खरा आहे. ‘दारू वाईट’ एवढेच उत्तर दिले, तर ते त्याला पटणार नाही. ते त्याने शंभरदा ऐकलेले असते. म्हणून दारू अंगात जाऊन काय करते, ते नीट समजून घेऊ.

ताकद केव्हा तयार होते?

पुष्कळांना वाटते, ताकद आखाड्यात तयार होते. तसे नाही. आखाड्यात अंग झिजते. जोर-बैठका मारताना स्नायूंचे बारीक धागे ताणले जातात, काही उसवतात. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते याचमुळे. पुढे विश्रांतीच्या वेळी शरीर हे धागे पुन्हा जोडते, आणि पहिल्यापेक्षा घट्ट जोडते. असे रोज थोडे थोडे होत गेले की दंड भरतात, मांड्या भरतात, दम वाढतो.

नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे. शिंप्याचीच गोष्ट घ्या. दिवसा कापड उसवले आणि रात्री पक्के शिवले, तर कपडा टिकतो. दिवसा उसवले आणि रात्री शिवलेच नाही, तर चिंध्या होतात. मेहनत म्हणजे उसवणे. शिवायला तीन गोष्टी लागतात: खुराक, पाणी आणि झोप. शनिवारची बाटली नेमका या तिन्हींवर घाला घालते.

दारू उतरते केव्हा?

दारू पोटातून रक्तात जाते. ती बाहेर काढायचे काम मुख्यतः आपले यकृत करते. यकृत म्हणजे हृदय नव्हे. उजव्या बाजूला, बरगड्यांखाली असते ते. त्याचा वेग ठरलेला आहे. तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम शुद्ध दारूच ते जाळू शकते.

आता हिशेब करू. देशी असो वा विदेशी, १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध दारू असते. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते आठ तास लागतात. दोन क्वार्टर घेतल्या, तर बारा तास किंवा त्याहूनही जास्त. रात्री दहाला ग्लास खाली ठेवला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत रक्तात दारू राहते. पोरगा पहाटे पाचला आखाड्यात उतरतो, तेव्हा तो शुद्धीवर आहे असे त्याला वाटते. पण खरे म्हणजे तो अजून प्यालेलाच असतो.

“बीअर म्हणजे काही दारू नव्हे,” असे काहीजण म्हणतात. कडक बीअरमध्ये शंभरातले आठ भाग दारू असते. तिच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम शुद्ध दारू येते. म्हणजे क्वार्टरच्या तीन हिश्शांपैकी दोन हिस्से झाले की!

यकृताचे आणखी एक काम आहे. मेहनत करताना रक्तातली साखर कमी पडू लागली, की साठवणीतली साखर काढून ते पुरवते. पण दारू आली की ते आधी तिच्या मागे लागते. साखरेचा पुरवठा मागे पडतो. मग हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. वस्ताद म्हणतात, “पोरात आज जीवच नाही.” ते खोटे नसते.

पाणी कुठे जाते?

दारू प्यालेला माणूस वारंवार लघवीला जातो. प्यालेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी बाहेर पडते. सकाळी तोंड कोरडे पडते, डोके ठणकते, त्याचे हे एक कारण. आपल्या स्नायूंत चार हिश्शांपैकी जवळजवळ तीन हिस्से पाणीच असते. ७० किलोच्या पैलवानाच्या अंगातून दीड लिटरभर पाणी कमी झाले, तरी दम लवकर तुटतो. त्यावर पुन्हा घाम काढायचा. तेही उन्हाळ्यात, आपल्या मराठवाड्याच्या उन्हात! अशा वेळी पायात गोळे येतात, चक्कर येते. कधी उष्माघात होऊन जिवावरही बेतते.

झोप लागते, पण विसावा नाही

दारूने झोप चटकन लागते, हे खरे. पण उत्तररात्री ती मोडते. माणूस कूस बदलत राहतो, घामाघूम होतो, तहान लागून उठतो. अंग वाढवणारा रस शरीरात गाढ झोपेत जास्त पाझरतो. दारूने तोही कमी होतो. आठ तास अंथरुणावर पडून राहिले तरी शिवण अर्धीच राहते.

“वरून अंडी खाल्ली की झालं!”

तालमीत हे एक मत फार पसरले आहे. दारू घेतली तर घेतली, वर मटण खा, अंडी खा, दूध प्या, म्हणजे भरपाई होते. हे खरे आहे का?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिले आणि २०१४ साली ते छापले. आठ धडधाकट तरुण घेतले. त्यांच्याकडून कसून व्यायाम करवून घेतला. एकदा व्यायामानंतर नुसता दुधातल्या प्रथिनांचा खुराक दिला. एकदा तोच खुराक, पण बरोबर भरपूर दारू. एकदा दारू आणि साखर-पिठाचे खाणे. मग स्नायू किती वेगाने भरून येतात ते मोजले. खुराकाबरोबर दारू दिली, तेव्हा हे काम शेकडा २४ ने घटले. दारू आणि साखर-पिठाचे खाणे दिले, तेव्हा शेकडा ३७ ने घटले.

म्हणजे कसे? जिथे शंभर टाके पडायचे, तिथे खुराक खाऊनही ७६ च पडले. बिनखुराकाच्या पोराचे ६३ च. त्यांनी दारू भरपूर दिली होती, हे ध्यानात ठेवा. पण मित्रांची बैठक थोडक्यावर थांबते का, हे ज्याचे त्यानेच सांगावे.

असेच आणखी काही गैरसमज आहेत. लिंबूपाणी, ताक, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ, यांनी बरे वाटेल; पण दारू लवकर उतरत नाही. घाम काढूनही उतरत नाही. घामावाटे जाणारी दारू अगदी थोडी असते. बाकी सारे काम यकृताने आपल्या वेगानेच करायचे. दारूने अंग दुखायचे थांबते म्हणतात, तेही फसवे आहे. दुखणे राहते तिथेच, फक्त कळत नाही. मग दुखऱ्या खांद्यावरच पोरगा लढत धरतो आणि खांदा कायमचा जातो.

तोल आणि नजर

कुस्तीत समोरचा पट काढायला वाकला, की निमिषात पाय मागे घ्यावा लागतो. मुष्टियुद्धात, म्हणजे बॉक्सिंगमध्ये, ठोसा यायच्या आत डोके हलवावे लागते. ही चपळाई मेंदूची. दारूने आधी तीच मंदावते. तोल सांभाळणारा मेंदूचा भाग सुस्त होतो. कुस्तीगिराची मान अवघडते, मुष्टियोद्ध्याच्या डोक्याला नको तो मार बसतो. आदल्या रात्री पिऊन दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरणारा स्वतःला तर धोका देतोच, शिवाय जोडीदारालाही देतो. अशा पोराला वस्तादाने त्या दिवशी मातीत उतरू देऊ नये.

खाशाबांची चार वर्षे

साताऱ्याकडे कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये लढले. सहावे आले. त्यानंतर त्यांनी चार वर्षे मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले, पण पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून मदत केली. हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तिथे एक लांबलेली कुस्ती संपल्यावर पुरती विश्रांतीही न मिळता त्यांना पुढची कुस्ती धरावी लागली होती. बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने त्यांचे स्वागत केले.

यातून काय घ्यायचे? पैलवानाचे अंग त्याच्या एकट्याचे नसते. कुणी वर्गणी दिलेली असते. घरी म्हशीचे दूध विकायचे थांबवून माय ते पोराला देते. बाप तुपासाठी उसनवारी करतो. शनिवारी बाटली फुटते तेव्हा हे दूध-तूपही मातीत जाते.

दोन दिवसांचा हिशेब

आता पोराच्या सवालाचे उत्तर देऊ. दोन दिवसांनी काय बिघडते?

शनिवारी रात्री घेतली की रविवारची पहाट बुडते. रविवारी घेतली की सोमवारची बुडते. मंगळवारीही अंग जडच असते. मंगळवार सोडून देऊ. आठवड्याला दोनच पहाटा धरल्या, तरी वर्षाच्या ५२ आठवड्यांत १०४ पहाटा बुडाल्या. म्हणजे जवळजवळ साडेतीन महिने! वारकरी पाच दिवस पंढरीकडे चालला आणि दोन दिवस मागे फिरला, तर एकादशीला तो पोचेल का?

आणि सवाल नुसत्या जत्रेतल्या इनामाचा नाही. आपली कितीतरी पोरे तालमीबरोबर पोलीस भरतीचीही तयारी करतात. तिथे मुलांना १६०० मीटर धावावे लागते. थोड्या सेकंदांनी गुण जातात आणि गुणांनी नोकरी जाते. ज्या घरात कोरडवाहू चार एकर आहेत आणि खाणारी सहा तोंडे आहेत, त्या घराला त्या सेकंदांची किंमत विचारा.

मग करावे काय?

पहिली गोष्ट: शनिवारची जागा रिकामी ठेवू नका. मित्रांना तोडायला नको. शनिवारी संध्याकाळी तालमीतच लढती ठेवा, नंतर सर्वांनी मिळून जेवा. भजनाला जा, खेळायला जा.

दुसरी गोष्ट: हातभट्टीच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. तिच्यात विषारी मिथेनॉल असू शकते. २०१५ साली मुंबईत मालवणीला असल्या दारूने शंभरावर माणसे मेली. मिथेनॉलने डोळेही जातात.

तिसरी गोष्ट: जो रोज भरपूर पितो, त्याने एकदम सोडली तर हातपाय कापतात, भ्रम होतो, झटकेही येतात. अशा माणसाला हिणवू नका. सरकारी दवाखान्यात न्या. हे दुखणे आहे आणि त्यावर औषध आहे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी. आता आपल्याला लिहिता येते. एक वही करा. रोज लिहा: आज जोर किती, बैठका किती, किती मिनिटे लढत धरली. एक महिना नेहमीसारखे वागा. दुसरा महिना बाटलीशिवाय काढा. मग दोन्ही महिन्यांचे सोमवार शेजारी शेजारी ठेवून वाचा. आमचे ऐकू नका, वस्तादाचेही ऐकू नका. आपल्याच हाताने लिहिलेले आकडे काय सांगतात ते पाहा.

वाचून झाल्यावर बोला

१. ताकद आखाड्यात तयार होते की विश्रांतीत? का?
२. रात्री नऊ वाजता एक क्वार्टर घेतली, तर ती केव्हा उतरेल? हिशेब करा.
३. आपल्या तालमीतल्या पोरांसाठी शनिवारी संध्याकाळी काय करता येईल?