पसंतीची खूण : पैसा कोणाचा, नोंद कोणाजवळ?

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरकडे निघाले की वाटेत मोताळा लागते. कापूस, मका आणि सोयाबीन पिकविणाऱ्या तालुक्याचे हे ठिकाण. येथील शेतकऱ्याच्या हाती आज मोबाईल आहे आणि गुलाबी बोंडअळीपासून पीककर्जापर्यंतची माहिती तो त्यावर वाचतो. मजकूर उपयोगी वाटला, तर त्याखालच्या अंगठ्याच्या चित्रावर बोट ठेवतो. बोंडअळीच्या लेखाखाली बोट ठेवल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु कर्जाच्या काळजीने झोप उडालेल्या माणसासाठी लिहिलेल्या लेखाखाली, अथवा स्त्रियांच्या एखाद्या आजारावरील लेखाखाली तेच बोट ठेवले गेले, तर ती नुसती पसंती राहत नाही. ते त्या व्यक्तीविषयीचे निवेदन ठरते. २००६ साली जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या विशेष साहाय्य योजनेत विदर्भातील जे सहा जिल्हे घेतले गेले, त्यांत बुलढाणा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा निवेदनाचे मोल कळते.

ही पसंतीची खूण एकाच मोठ्या कंपनीच्या वहीत जमा न होता, पसंती एका ठिकाणी, लेख दुसऱ्या ठिकाणी आणि मोजणी अनेक ठिकाणी अशी विकेंद्रित व्यवस्था उभारता येईल काय, यावर जगात बरीच वर्षे प्रयोग चालू आहेत. तंत्र फारसे अवघड राहिलेले नाही. या व्यवस्थेचा खर्च कोणी सोसावयाचा आणि कोणी काय पसंत केले हे कोणाला कळावयाचे, हे दोन प्रश्न मात्र अजून पुरते सुटलेले नाहीत.

हात वर करणे आणि चिठ्ठी टाकणे

महाराष्ट्रातील खेड्याला यातील दुसरा प्रश्न नवा नाही. ग्रामसभेत ठराव मताला टाकला की हात वर केले जातात आणि कोणाचा हात कोठे गेला, हे सर्वांना दिसते. रस्ता कोठून न्यावा, याचा निर्णय तसा होऊ शकतो. गावातील दारूचे दुकान बंद करावे काय, असा प्रश्न येतो तेव्हा मात्र स्त्रियांचा कौल गुप्त मतदानाने घेतला जातो. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, अशा दोन खुणा असतात आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक महिला मतदारांची मते मिळावी लागतात. दुकानदार त्याच गावचा, पिणारा त्याच घरातला. म्हणून खूण करणारीचे नाव खुणेला चिकटू नये, ही काळजी तेथे घ्यावी लागते. त्या मतदानाचा बंदोबस्त आणि मोजणी शासकीय यंत्रणा करते, म्हणजे खर्च सार्वजनिक असतो.

मोबाईलवरील अंगठा दिसावयास चिठ्ठीसारखा एकांतातला, पण वस्तुतः तो वर केलेला हात आहे. महाराष्ट्राला याचा अनुभव नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे एका तरुणीने बंदविषयी फेसबुकवर काही मजकूर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दिली. दोघींनाही अटक झाली. दुसरीचा संबंध एका पसंतीपुरताच होता. पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले. त्या घटनेनंतर श्रेया सिंघल यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी निर्णय दिला आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरविले. कलम गेले, पसंतीला नाव चिकटलेले असते, ही वस्तुस्थिती राहिली.

एका वहीचा कारभार

फेसबुकने पसंतीचे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आणले आणि एप्रिल २०१० मध्ये ते इतरांच्या संकेतस्थळांवरही लावण्याची सोय केली. बटण लावणाऱ्याला काही पैसे पडत नसत. मात्र ते पानावर दिसण्यासाठी वाचकाच्या ब्राउझरला कंपनीच्या संगणकाकडून ते मागवावे लागे आणि मागणीबरोबर कोणते पान वाचले जात आहे, याची वर्दी आपोआप जाई. बटण दाबले नाही तरीही वर्दी जाईच. एका कपडे विकणाऱ्या जर्मन संकेतस्थळाच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी असा निर्णय दिला, की माहिती गोळा करून पाठविण्यापुरती बटण लावणाऱ्याचीही जबाबदारी आहे. बाहेरच्या संकेतस्थळांवरील ही बटणे १० फेब्रुवारी २०२६ पासून बंद करण्याची घोषणा कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. जागा रिकामी होत आहे. ती कशाने भरावयाची, हा प्रश्न त्यामुळे आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

खुणांच्या वहीतून काय वाचता येते, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी अठ्ठावन्न हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या नुसत्या पसंती तपासल्या. त्यांवरून स्त्री की पुरुष हे शंभरांतील त्र्याण्णव वेळा आणि अमेरिकेतील दोन मोठ्या पक्षांपैकी ओढा कोणाकडे हे पंच्याऐंशी वेळा बरोबर ओळखता आले. पुढे २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण बाहेर आले. त्या वेळी फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार संबंधित ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते आणि माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता असलेल्या भारतीयांची संख्या मात्र सुमारे ५ लाख ६२ हजार होती. मित्रांच्या याद्यांमधून हा गुणाकार झाला.

फुकट बटणाचा खर्च जाहिरातदार देत होता आणि त्याला हवी असलेली वस्तू म्हणजे ही वहीच होती.

विकेंद्रीकरण म्हणजे गुप्तता नव्हे

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेव्हापासून या राज्याला हे ठाऊक आहे, की अधिकार खाली दिले तरी निधी आणि मनुष्यबळ बरोबर दिले नाही, तर कामे अडून राहतात. संगणकाच्या जगातही तसेच आहे. २०१६ साली जर्मनीत सुरू झालेल्या मॅस्टोडॉनसारख्या व्यवस्थेत एक मालक नसतो; हजारो स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी बोलतात. त्यांची सामाईक भाषा ॲक्टिव्हिटीपब ही असून वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. तिच्यात पसंती हा निरोपाचा एक रीतसर प्रकार आहे. वाचक आपल्या सर्व्हरवर खूण करतो आणि तो सर्व्हर लेखकाच्या सर्व्हरकडे निरोप धाडतो.

पण हा निरोप उघड्या पोस्टकार्डासारखा असतो. त्यावर पाठविणाऱ्याचे नाव असते. दोन्हीकडील सर्व्हर चालविणारे ते वाचू शकतात. पसंती मागे घेतली तर तसा दुसरा निरोप जातो. तो पलीकडच्याने पाळला काय, हे पाहण्याचे साधन नसते. एका मोठ्या वहीऐवजी अनेक लहान वह्या झाल्या, इतकेच. मोठ्या वहीचा धोका कमी झाला हे खरे; पण लहान वही चालविणारा ओळखीचा निघण्याचा संभव वाढला. तालुक्याच्या गावी दूरच्या कंपनीपेक्षा ओळखीच्या माणसाचा संकोच अधिक वाटतो.

सर्व्हरचे भाडे आणि राबणाऱ्याचा वेळ बहुधा देणग्यांतून आणि स्वयंसेवेतून निघतो. देणगी आटली की सर्व्हर बंद पडतो आणि त्यावरच्या खुणाही जातात.

पन्नास रुपयांचे वाटप

पैशाच्या प्रश्नाचे एक चतुर उत्तर स्वीडनमधील पीटर सुंदे यांनी २०१० मध्ये फ्लॅटर या योजनेत दिले. वाचकाने दरमहा एक ठरावीक रक्कम भरावी, महिनाभर आवडलेल्या लेखांवर खूण करावी आणि महिनाअखेर ती रक्कम खुणांच्या प्रमाणात लेखकांत वाटली जावी. योजना दहा टक्के आपल्या खर्चासाठी ठेवी. मराठीत कपाशीच्या रोगांवर सोप्या भाषेत लिहिणाऱ्याला अशी व्यवस्था उपकारक ठरली असती, कारण मराठी पानावरील जाहिरातीचे उत्पन्न थोडे आणि वाचक विखुरलेला. परंतु ही योजना मोठ्या वाचकवर्गापर्यंत कधी पोहोचली नाही. तिची वही पुन्हा एकाच ठिकाणी होती, हेही विसरता येत नाही.

पैसा आणि गुप्तता यांची गाठ येथे अशी पडते, की रक्कमसुद्धा बोलते. समजा, मोताळ्यातील एका वाचकाने पन्नास रुपये भरले आणि महिन्यात सात लेख पसंत केले. प्रत्येक लेखकाला ७ रुपये १४ पैसे मिळतील. सात लेखकांनी आपापल्या जमेच्या याद्या समोर ठेवल्या, तर सातही ठिकाणी दिसणारा ७ रुपये १४ पैशांचा आकडा एकाच माणसाचा माग काढून देईल. नाव लपविले, पण अपूर्णांकाने उघड केले. यावर उपाय सोपा आहे : वाटप न करता ठरावीक किमतीच्या, एकसारख्या खुणा विकाव्यात.

युपीआयने थेट दोन रुपये पाठवावेत, असेही कोणी सुचवील. २०१६ साली सुरू झालेल्या या सोयीने लहान रकमांचे व्यवहार खेड्यापर्यंत नेले, यात संशय नाही. पण तेथेही घेणाऱ्याला देणाऱ्याचे नाव दिसते आणि बँकेच्या उताऱ्यात ओळ उमटते. शिवाय ही सोय व्यापाऱ्याला फुकट वाटली तरी बिनखर्ची नाही. जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही, आणि लहान रकमांच्या व्यवहारांना प्रोत्साहन म्हणून केंद्र शासनाने २०२४-२५ साठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती.

पोस्टाच्या तिकिटाची युक्ती

पैसे घ्यावयाचे आणि नाव घ्यावयाचे नाही, ही युक्ती टपालखात्याने फार पूर्वीच साधली आहे. खिडकीवर पैसे देऊन तिकिटे घेतली जातात. कोणते तिकीट कोणत्या पाकिटावर लागणार, हे विकणाऱ्याला कळत नाही. पाकिटावर शिक्का पडला की तिकीट दुसऱ्यांदा वापरता येत नाही. पसंतीची खूण अशा तिकिटासारखी असावी.

अडचण एवढीच, की संगणकावरील वस्तूची हवी तितकी नक्कल निघते. म्हणून प्रत्येक तिकिटाला क्रमांक लागतो, आणि विकणाऱ्याने क्रमांक टिपून ठेवला की गुप्तता संपली. अमेरिकेतील डेव्हिड चॉम यांनी १९८२-८३ मध्ये यावर गणिती तोड काढली. तिचे स्वरूप असे समजून घेता येईल : ग्राहक स्वतः एक क्रमांक निवडून कागदावर लिहितो, कार्बन लावलेल्या पाकिटात तो बंद करतो आणि पैशांसह खिडकीवर देतो. कारकून पाकीट न उघडता वर सही करतो. ती आत उमटते. ग्राहक घरी पाकीट फाडून सहीचा कागद काढतो. पुढे तो कागद वापरला गेला, तर सही खरी आहे आणि क्रमांक पूर्वी आलेला नाही, एवढे पडताळता येते. कोणाला विकला होता, हे खुद्द कारकुनालाही सांगता येत नाही. या तत्त्वावर काम करणाऱ्या जीएनयू टेलर या व्यवस्थेत पैसे देणारा अनामिक राहतो आणि घेणाऱ्याचे उत्पन्न उघड असते, म्हणजे कर चुकत नाही. खोट्या पसंतींच्या धंद्यालाही येथे आळा बसतो, कारण हजार खोट्या खुणांसाठी हजार तिकिटांचे पैसे मोजावे लागतात.

मोजणी प्रसिद्ध करतानाही सावधगिरी लागते. गावाच्या एखाद्या प्रश्नावरील लेखाला तीन पसंती दिसल्या, तर ते तिघे कोण, हे पारावर बसलेल्यांना नाव न सांगताही कळते. विनामूल्य खुणांसाठी येथे १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडलेल्या तत्त्वाचा एक सोपा प्रकार उपयोगी पडतो. वाचकाच्या मोबाईलने मनातल्या मनात नाणे उडवावे. छाप आला तर खरे मत पाठवावे. काटा आला तर पुन्हा उडवून छापाला 'आवडले' आणि काट्याला 'नाही' असे पाठवावे. हजार वाचकांपैकी सुमारे अडीचशे 'आवडले' निव्वळ नाण्याची असतील. एकूण सहाशे आली, तर उरलेली साडेतीनशे ही खरे मत देणाऱ्या पाचशे जणांची, म्हणजे खरी पसंती सत्तर टक्क्यांच्या आसपास. एकूण कौल कळतो, पण कोणाही एकाच्या उत्तरावर बोट ठेवता येत नाही. वाचक वीसच असतील, तर मात्र नाण्याची लहर मताला झाकून टाकते आणि आकडा निरुपयोगी होतो. लहान गावाच्या बाबतीत ही मर्यादा मोठी आहे.

कायद्याचा आधार आता काही प्रमाणात मिळाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. संमती मोकळी, विशिष्ट आणि माहितीपूर्वक असावी, आणि संमतीची विनंती व सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांतही, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी, असे हा कायदा सांगतो. पसंतीचे बटण लावणाऱ्या लहान मराठी संकेतस्थळालाही हे टाळता येणार नाही. काही जर्मन संकेतस्थळांनी २०११ पासून अवलंबिलेली रीत त्यांना सहज घेता येईल : बटण पानावर निद्रिस्त ठेवावे आणि वाचकाने पहिल्यांदा बोट लावल्यानंतरच ते जागे व्हावे. तोपर्यंत बाहेर कोणतीही वर्दी जात नाही.

एक गोष्ट या सर्व योजनांत बहुधा राहून जाते. एक मोबाईल म्हणजे एक माणूस, असे त्या गृहीत धरतात. मोताळ्यासारख्या ठिकाणी अनेक घरांत एकच मोबाईल सासरा, मुलगा आणि सून यांच्या हातांतून फिरतो. विकत घेतलेली तिकिटे त्यात साठविली आणि ती कोठे कोठे लावली याची यादीही त्यातच राहिली, तर दूरच्या कंपनीपासून राखलेले गुपित चुलीपाशी उघडे पडेल. म्हणून तिकीट वापरले जाताच त्याची मोबाईलमधील नोंद पुसली जावी आणि उरले किती, एवढाच आकडा मागे राहावा. वापरलेल्या क्रमांकांची यादी लागते ती तिकिटे तपासणाऱ्याला, आणि तिच्यात नाव नसते.