ओळख हवी, वशिला नको

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने गावचा एक माणूस आला, त्याने भावाला आणले, भावाने मेहुण्याला आणले. आणि एकाच्या शब्दावर दुसऱ्याला मागावर किंवा कापडबाजारात काम मिळत गेले. ओळखीचे मोल या वस्तीला कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. परंतु त्या ओळखीची धाव मागापर्यंतच. कचेरीच्या दाराशी ती थांबते. आज याच घरांतील मुलेमुली अभियांत्रिकी व वाणिज्य शाखांत शिकत आहेत. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे एखाद्या कारखान्यात वा पेढीत उमेदवारी करण्याची वेळ आली की, जायचे कोणाकडे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

सुरतेचा व्यापार विश्वासावर चालतो. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना या शहरात पैलू पडतात आणि लाखोंचा माल कागदाच्या पुडीतून केवळ शब्दावर हातोहात फिरतो. अशा बाजारात पदवीपेक्षा पत मोठी ठरते. व्यापाऱ्याच्या मुलाला ती घरातून मिळते. माग चालवणाऱ्याच्या मुलाने ती कोठून आणावी? आमच्या मते, उमेदवारीचे खरे महत्त्व येथे आहे. प्रमाणपत्र हे तिचे दुय्यम फळ होय. आपले काम पाहिलेली चार माणसे जोडली जाणे, हे पहिले.

ओळख म्हणताच वशिला आठवणाऱ्यांची चूक नाही. अनुभवच तसा आहे. पण दोहोंत भेद आहे. वशिला काम न पाहता शिफारस करतो, ओळख काम पाहून करते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती वार्ता जिवलगांकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. कारण उघड आहे. जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही असे नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये पाच वर्षांत १ कोटी तरुणांना मोठ्या कंपन्यांत उमेदवारी देण्याची योजना जाहीर केली, पण पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तीतून वगळले. शिवाय कायदा जागा देऊ शकतो. आपुलकी देऊ शकत नाही.

ती विद्यार्थ्याने स्वतः मिळवावयाची आहे. वेळेवर जावे. साहेबांइतकेच फोरमनला, हिशेबनिसाला विचारावे; यंत्राची आणि व्यवहाराची खोच त्यांना अधिक ठाऊक असते. रोजचे काम वहीत टिपावे. निघताना आभाराचे पत्र लिहावे आणि परीक्षेचा निकाल लागल्यावर तो आवर्जून कळवावा. केवळ नोकरी हवी असता आठवण काढणाऱ्याला कोणी लक्षात ठेवीत नाही. गुजराती तर उत्तम आलीच पाहिजे. या शहरात राहून केवळ आपल्याच माणसांत वावरणे परवडणारे नाही.

मात्र सारा भार मुलांवर टाकणे अन्यायाचे होईल. उमेदवाराला चहा आणावयास वा कागद चिकटवावयास बसविणारा मालक त्याचे काही आठवडे वाया घालवतो, आणि विनावेतन राबविणारा मालक गरिबाच्या मुलाला दारातच अडवतो. महाविद्यालयांनी माजी विद्यार्थ्यांची यादी समारंभापुरती न ठेवता प्रत्येक नवख्याला त्यांतील एकाची गाठ घालून द्यावी. आणि सुरतेतील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीबरोबर आपल्यातील अभियंते, लेखापाल, वकील यांची एक वही करावी. गावच्या माणसाला मागावर लावून देणारी ती जुनी माया एवढ्या एका पायरीने वर चढली, तर पुढच्या पिढीला कोणाच्या वशिल्याकडे डोळे लावून बसावे लागणार नाही.